काकांचा बाम आणि शेक

काकांची तक्रार बामबद्दल होती. "हल्ली सगळी भेसळ हो मॅडम. उजव्या खांद्याला अर्धी डबी चोळली, गारवा नाही की चुरचुर नाही. तुम्ही आपला शेकच द्या."

दीडेक महिन्यापूर्वी त्यांना लंबमज्जेच्या (मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग) डाव्या बाजूला छोटा स्ट्रोक येऊन गेला होता. हातापायांत ताकद होती, पण तोल जायचा, म्हणून आमच्या फिजिओथेरपी विभागात येत.

हॉट पॅक ज्या टाकीतून काढतो तिचं पाणी ७० अंशांच्या पुढे असतं. त्यामुळे शेकाआधी गरम आणि गार पाण्याच्या टेस्ट ट्यूब लावून बघायच्याच. काकांनी डोळे मिटले. डाव्या दंडावर उत्तरं पटापट आली. उजवीकडे, "हं, लावलीत. परत लावलीत." कुठे लावली ते नेमकं बोट ठेवून दाखवायचे. गरम की गार, ते मात्र सांगता येईना.

स्पर्शाच्या आणि तापमानाच्या वाटा वेगळ्या. उजव्या अंगाच्या उष्णतेचा, थंडीचा आणि वेदनेचा निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूतच डावीकडे वळून वर चढतो. स्ट्रोकने नेमकी तीच वाट तोडली होती. बाममधलं मेंथॉल त्वचेतल्या थंडीच्याच रिसेप्टरला, म्हणजे थंडी टिपणाऱ्या प्रथिनाला चेतवतं. (तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरांच्या शोधाला २०२१ चं नोबेल मिळालं, त्यात हाही होता.) काकांचे रिसेप्टर जागच्या जागी होते, निरोप वर पोचत नव्हता.

मग मला राहवेना. भिजवलेला कापूस डाव्या हाताला लावला. "ओला." उजव्या हाताला? "कापूस आहे. कोरडा." पाण्याचा थेंब मनगटावरून ओघळत होता तरी! त्यावर कडी म्हणजे फ्रीजमधला कोरडा चमचा डावीकडे टेकवला, तर "पाणी लावलंत." ओलेपणा ओळखणारा रिसेप्टर माणसाच्या त्वचेत नाहीच. गारवा आणि स्पर्श यांची सांगड घालून मेंदू अंदाज बांधतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दमट आहेत की नुसते गार, हे आपल्यालाही कुठे धड कळतं?

पाय तपासायला घेतले तेव्हा उजव्या पोटरीवर रुपयाएवढा फोड दिसला, पाण्याने टरारलेला. मुलाच्या बाइकवर मागे बसून आले होते, बर्म्युडा घालून; सायलेन्सर टेकला असणार. काकांना पत्ताच नव्हता.

काकू एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर विसण घालताना पाण्यात उजवाच हात घालून बघतात!"

डावा हात घालायचा, हे काकांकडून तीनदा वदवून घेतलं. शेक रद्द केला, खांद्याला व्यायाम दिले आणि फोड दाखवायला त्यांना खाली ड्रेसिंगला पाठवलं.