दोन बोयांच्या मधून गेलेला गाळ

बंदराच्या प्रवेशमार्गातला गाळ उपसण्याचे काम चालू असताना आजूबाजूच्या पाण्याच्या गढूळतेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आमच्या पथकाकडे होती. त्या सकाळी ओहोटी लागली होती आणि पाण्यावर तरंगत्या दोन्ही बोयांवरचे संवेदक मर्यादेच्या बरेच खालचे आकडे पाठवत होते, त्यामुळे काम थांबवण्याचे कोणतेही कारण कागदावर दिसत नव्हते. ऊन डोक्यावर आले की पाण्याची चकाकी कॅमेऱ्यात भरते, म्हणून आम्ही ड्रोनचे उड्डाण नेहमीप्रमाणे त्याआधीच उरकायला घेतले.

ड्रेजरच्या, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या, मागून निघालेला तपकिरी पट्टा दोन्ही बोयांच्या बरोबर मधून समुद्रगवताच्या कुरणाकडे सरकत असल्याचे पडद्यावर दिसले. स्वच्छ पाणी लाल प्रकाश शोषून घेते आणि तरंगणारे मातीचे कण तो परत फेकतात, त्यामुळे कॅमेऱ्याने फक्त लाल प्रकाशात टिपलेल्या चित्रात गाळाच्या पट्ट्याची कड अधिकच ठळक झाली. बोया तिला स्पर्श करणारे पाणीच मोजते. तिचा आकडा खोटा नव्हता, पण त्यावरून साऱ्या परिसराविषयी निर्धास्त होणे चुकीचे होते.

तरीही केवळ चित्राच्या आधारे कोणाचे काम थांबवणे मला योग्य वाटत नाही. ढगाची सावली, उथळ तळ किंवा जहाजाच्या पंख्याने ढवळलेले पाणी वरून असेच भासू शकते. शिवाय मोकळ्या पाण्यावर स्थिर खुणा नसल्याने छायाचित्रे एकमेकांना नीट जोडता येत नाहीत आणि प्रत्येक चित्राची जागा ड्रोनच्या उपग्रह-स्थाननोंदीवरूनच ठरवावी लागते. ती स्थाने बोटीवर कळवून आम्ही पट्ट्याच्या कडेपाशी पोहोचलो. तिथे फेसाची एक बारीक रेघ होती. तिच्या अलीकडे पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी बरीच खोलवर दिसत राहिली, तर पलीकडे ती हातभर खाली जाताच नाहीशी झाली. हातातल्या गढूळतामापकानेही मर्यादा ओलांडल्याचे दाखवले. गाळणकागद सुमारे १०५ अंश सेल्सिअसला वाळवून कणांचे वजन करण्यासाठी पृष्ठभागावरचे, मधले आणि तळाजवळचे नमुने स्वतंत्रपणे घेतले, कारण तळालगत वाहणारा दाट गाळ ड्रोनला दिसतच नाही.

हॉपर, म्हणजे ड्रेजरवरचा गाळ साठवण्याचा कप्पा, भरत आला की अधिक गाळ साठवता यावा म्हणून वरचे गढूळ पाणी बाहेर सोडतात. त्याबरोबर ओढली गेलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येताना बारीक कणांनाही पृष्ठभागाकडे आणते, आणि हा पट्टा त्यातूनच तयार झाला होता. चित्र व बोटीवरची मोजमापे एकत्र दाखवल्यावर ड्रेजरच्या कप्तानांनी ते पाणी सोडणे लगेच बंद केले. हॉपर अर्धवट भरून नेल्याने फेऱ्या वाढणार आणि खर्चही वाढणार, हे कंत्राटदाराचे म्हणणे खरे होते. पण समुद्रगवताला प्रकाश लागतो आणि पानांवर बसलेला गाळ तो अडवतो, हेही तितकेच खरे होते. अखेर ओहोटीच्या वेळी हॉपरमधून पाणी सोडायचे नाही असे ठरले, एक बोया कुरणाच्या तोंडाशी हलवली गेली आणि पुढची उड्डाणे आम्ही भरती-ओहोटीची वेळ पाहून आखू लागलो.