18 डॉलर आणि एक पुस्तक

गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात 18 डॉलर घोळतायत. 1901 साल, अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. तिथल्या सेटलमेंट हाउसमधे, म्हणजे गरीब वस्तीतल्या लोकांना मदत करणाऱ्या संस्थेत, लिझी ब्लॅक कँडर आणि तिच्यासोबतच्या ज्यू बायका नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलींना स्वयंपाक शिकवायच्या, आणि मुली फळ्यावरनं कृती उतरवून घ्यायच्या, त्यात सगळा वेळ जायचा, म्हणून बायकांनी संस्थेच्या कारभारी पुरुषांकडे 18 डॉलर मागितले, की धडे छापूनच घेऊ. नाही दिले. उलट, तुमच्या या उद्योगात नफा झाला तर आम्हालाही वाटा द्या हं, अशी चेष्टा केली म्हणे.

मला हे वाचून इतका राग आला! कारण आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने मागच्या वर्षी फराळाच्या पुस्तिकेसाठी थोडे पैसे मागितले तेव्हा कमिटीने "यूट्यूबवर सगळं असतं की" म्हणून विषयच संपवला होता.

तर मिलवॉकीच्या बायकांनी काय केलं, गावातल्या दुकानदारांकडून जाहिराती गोळा केल्या आणि 174 पानांचं पुस्तक काढलं, 1000 प्रती. हेच ते सेटलमेंट कुकबुक. पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, सगळ्या मिळून 20 लाखांवर प्रती खपल्या, आणि त्या नफ्याच्या आधारावर 1911 मधे संस्थेची नवी इमारत उभी राहिली, अब्राहम लिंकन हाउस. लिझीबाई 1940 मधे गेल्या, तोवर नव्या नव्या आवृत्त्यांचं काम त्या स्वतः बघत होत्या.

पुस्तकात नुसत्या रेसिपी नाहीत. चूल कशी पेटवायची, भांडी कशी घासायची, टेबल कसं मांडायचं, कपाने चमच्याने मोजायचं तर काठोकाठ सपाट करून मोजायचं, इथपासून सुरुवात. आपल्याकडे "अंदाजाने घाल" म्हणतात ते ज्या मुलीचा अंदाज अजून बसलेलाच नाही तिला काय कळणार, म्हणून मला हे फार आवडलं.

पण एक गोष्ट खुपतेच. शिकवणाऱ्या बायका आधीपासून स्थिरावलेल्या, जर्मन वळणाच्या ज्यू घरांतल्या, आणि शिकणाऱ्या मुली रशियाकडून आलेल्या गरीब घरांतल्या. या लोकांमुळे आपल्याकडेही बोट दाखवलं जाईल ही भीती त्या मदतीच्या मागे होतीच. आधीच्या एका उपक्रमाचं नावच 'कीप क्लीन मिशन' होतं, म्हणजे स्वच्छ राहा! ज्या आईची मुलगी तिथे जायची तिला हे नाव ऐकून कसं वाटलं असेल?

आणि पुस्तकात माशांचे गोळे, मात्झोचे (ज्यूंच्या बिनखमिराच्या भाकरीचे) गोळे, कूखन (जर्मन पद्धतीचा केक) हे सगळं आहेच, पण शेजारच्या पानांवर चक्क ऑयस्टरसुद्धा आहेत, म्हणजे आपल्या कोकणातली कालवं. ज्यूंना ती धर्माने चालत नाहीत, पाण्यातलं खायचं तर खवले आणि पर असलेलंच. बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, ती गोष्ट माहितीये ना, बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने त्यांच्या बायकांना मासे रांधायला दिले आणि त्यांनी खवले-पर नसलेले मासे बाजूला काढले, त्यावरनं त्याने ओळखलं की हे आपलेच लोक. कोकणातल्या बायकांनी शतकानुशतकं जे सोडलं नाही ते मिलवॉकीत सोडून दिलेलं दिसतं. मी यात चूक-बरोबर ठरवणार नाही, पण अमेरिकन होण्याची घाई किती होती ते या एका पदार्थावरनं कळतं.

अजून एक. संकलन करणाऱ्यांची नावं पहिल्या आवृत्तीत कशी आहेत तर मिसेस सायमन कँडर आणि मिसेस हेन्री शोनफेल्ड. नावं नवऱ्यांची! एवढं सगळं उभं केलं आणि पानावर लिझी नाहीच.

तर आता आम्हीही आमची फराळाची पुस्तिका जाहिराती गोळा करून काढतोय. आम्ही काल कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेलो होतो, त्याने अर्ध्या पानाची जाहिरात घेतली, साडीवाल्या काकू परवा सांगते म्हणाल्यात. 22 कृती जमल्यात. प्रत्येक कृतीखाली जिची तिची सही घ्यायची असं ठरलंय, "अमक्यांच्या मिसेस" असं कुठेच नाही. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, माझं माहेरचं नाव पण घाला, पन्नास वर्षांत कुणी लिहिलं नाहीये. घालतोय.