उरलेली मिनिटे

नेरूळच्या आमच्या घरी, वीज गेल्यावर संगणक काही वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या टेबलाखालच्या यूपीएसच्या इवल्याशा पडद्यावर बॅटरी १०० टक्के भरलेली दिसते. वीज गेल्यास ती किती वेळ पुरेल, तो शेजारचा मिनिटांचा आकडा मात्र घटकेत चाळीस असतो, तर घटकेत पंधरा. वडिलांना हे अजिबात पटत नाही. भरलेली बॅटरी भरलेलीच असताना तिची मिनिटे कशी आटतील, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे; पण ती मिनिटे त्या क्षणीच्या लोडवरून, म्हणजे जोडलेली उपकरणे ओढत असलेल्या विजेवरून, काढलेली असतात, आणि लेकीने संगणकावर व्हिडिओ जोडायला घेतला की लोड वाढतो.

शिवाय हा हिशेब साध्या भागाकाराचा नाही. सोसायटीच्या टाकीतले पाणी, नळ मोठा सोडला तरी, मोजून तेवढेच मिळते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तसे नसते. तिच्यातून जितक्या घाईने वीज ओढावी तितकी ती एकूण कमी देते, हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला. घरगुती यूपीएसमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास हे सहसा वीस तास सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने, वीज घेतली तरच खरे ठरतात. कागदावर १२ गुणिले ७ असे ८४ वॉट-तास दिसतात म्हणून १२० वॉटच्या लोडला बेचाळीस मिनिटे मिळतील असे मानणाऱ्याला, बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणाऱ्या यूपीएसमधल्या इन्व्हर्टरची गळती धरता, त्याच्या निम्मीही मिळणे कठीण. याच न्यायाने लोड अर्धा केला, तर मिनिटे दुपटीहून अधिक वाढतात.

बॅटरीचे वय हा याहून चकवा देणारा भाग. साधारण तीन ते पाच वर्षांचे तिचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगतात आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटात कोंबलेल्या यूपीएसचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. झिजलेली बॅटरीही १०० टक्के दाखवते, कारण ते टक्के तिच्यात आज मावेल तेवढ्याचेच असतात. म्हणून अधूनमधून, महत्त्वाचे काम नसताना, नेहमीचा लोड ठेवून भिंतीवरचे बटण बंद करावे (प्लग उपटू नये, अर्थिंग सुटते) आणि घड्याळ लावून बघावे. पहिल्या मिनिटातल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. वीज जाताच बॅटरीचे व्होल्टेज झपकन उतरते, आणि अंदाज स्थिरावायला थोडा वेळ लागतो.

पाच मिनिटे उरली की संगणक आपोआप बंद व्हावा, अशी सोय आम्ही करून ठेवली आहे. तो बंद झाला की एकटा राउटर उरतो आणि मिनिटे चक्क वर चढतात. मात्र इतक्या कमी लोडला यूपीएसचा स्वतःचा खपच मोठा ठरत असल्याने, त्यांतलीही थोडी वजा धरावी लागतात.