आधी संडास बघ

शांघायला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी मागून खणखणीत हाक मारली, ‘आयी!’ मी चमकून वळले. घर सोडून दोन दिवस होत नाहीत तोवर इथे आईला कोण हाका मारतंय? हाक भाजीवालीला होती. चिनी भाषेत मावशीला ‘आयी’ म्हणतात. भाजीवाली, शेजारीण, कामाला येणारी, गल्ली झाडणारी, सगळ्या आयीच. पुढे शांघायची खास बोली कानावर पडायला लागली तेव्हा कळलं की तिच्यात ‘आम्ही’ला ‘आला’ म्हणतात. ‘आला शांघायचे!’ असं कुणी छाती पुढे काढून सांगितलं की ‘कोण आला?’ असं विचारायची माझी फार इच्छा व्हायची. समोरच्याला त्यातलं काही कळणार नाही म्हणून गप्प बसायचे.

ही २०१३ च्या सप्टेंबरातली गोष्ट. कंपनीने मला पूडोंगमध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर जागा दिली होती. १९९० मध्ये सरकारने पूडोंग वसवायचं ठरवलं तेव्हा नदीच्या त्या काठाला बरीचशी शेतं आणि गोदामंच होती, हे खिडकीतून बघताना खरं वाटत नसे. ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरचा मुख्य सांगाडा नुकताच पुरा झाला होता, आतून अजून रिकामा. ढग खाली आले की त्याचं डोकं दिसेनासं व्हायचं. दोन महिने मी ते कौतुकाने पाहिलं. मग लक्षात आलं की या दोन महिन्यांत शेजारच्या दारातून कोण येतं-जातं हेही मला माहीत नाही. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे जड जातं. ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने मी नदीच्या अलीकडे, लाओशीमनला, एका जुन्या गल्लीत खोली घेतली. ऑफिसातल्यांनी मला वेड्यात काढलं.

लाओशीमन म्हणजे जुना पश्चिम दरवाजा. शहराचा कोट शंभर वर्षांपूर्वी पाडला, नाव राहिलं. आमची गल्ली शिखूमन घरांची होती. दगडी चौकट, तिच्यात काळी दुपाखी दारं, आत एवढासा चौक आणि वर दोन मजले. मुळात एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात आता सहा कुटुंबं. माझी खोली स्वयंपाकघराच्या डोक्यावर, जिन्याच्या वळणावर, उत्तरेकडे तोंड असलेली. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाची पेटी. ह्वाय नदीच्या दक्षिणेकडच्या शहरांना हिवाळ्यात सरकारी हीटिंग मिळत नाही आणि शांघाय दक्षिणेत मोडतं. जानेवारीत मी खोलीत कोट घालून जेवायचे.

खालचं स्वयंपाकघर सामायिक. सहा शेगड्या, सहा नळ, त्यातल्या दोन नळांना कुलूप, आणि छताला सहा दिवे. प्रत्येक दिव्याची वायर आपापल्या घराच्या मीटरला, बटणं आपापल्या खोलीत नाहीतर भिंतीवर ओळीने. पहिल्या संध्याकाळी मी अंधारात चाचपून एक बटण दाबलं आणि चहा ठेवला. पलीकडे भात ढवळणारी बाई काही न बोलता आली, तिने तो दिवा बंद केला, शेजारचं बटण दाबलं आणि माझ्याकडे बोट केलं. हा तुझा. तो माझा. दोन्ही दिव्यांत हातभराचं अंतर होतं, उजेड तेवढाच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

हीच आमची आयी. साठी उलटलेली, सूतगिरणीतून निवृत्त, दिवसभर फुलाफुलांच्या पायजम्यात. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाआधी सरकारने ‘पायजमा घालून रस्त्यावर फिरू नका’ अशी मोहीम काढली होती म्हणे. आमच्या गल्लीपर्यंत ती पोचली नसावी. मी मांस खात नाही याचं तिला फार दुःख. शांघायच्या ‘शाकाहारी’ भाजीत मांसाच्या चार काड्या सर्रास निघतात, चवीपुरत्या. एकदा मार्चमध्ये तिच्या टोपलीत मला चक्क मेथी दिसली. तीन-तीन पानं, तोच हिरवा रंग. तिला ती त्साओथौ म्हणते. मी पान चावून पाहिलं. कडूपणा नावाला नाही, पण दिसायला सख्खी बहीण. आयी ती मोठ्या आचेवर परतते आणि वरून चमचाभर दारू ओतते. मी लसूण-मिरचीची फोडणी दिली. तिने चाखली, ‘हं’ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आणखी एक जुडी ठेवली. उन्हाळ्यात लाल माठ निघाला, श्रावणाच्या आसपास घोसाळी, शरद पौर्णिमेच्या महिनाभर आधी त्यांचा चंद्राचा सण येतो तेव्हा अळकुड्या. हिंग तेवढा मुंबईहून आणावा लागे.

आता मुख्य गोष्ट. त्या घरात संडास नव्हता. घरोघरी झाकणाचं लाकडी किंवा इनॅमलचं भांडं, माथोंग. रोज पहाटे साडेपाचला गल्लीत त्यांची मिरवणूक निघे. टोकाच्या मोरीत रिकामं करायचं, बांबूच्या खराट्याने खसाखसा घासायचं, भिंतीशी उपडं वाळत ठेवायचं. मी भित्री, कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासात जायचे, हिवाळ्यात कानटोपी घालून. आयीने एकदा विचारलं, ‘तुमच्याकडे कसं असतं?’ मी सांगितलं, आमच्या चाळीत मजल्याला चार होते, वीस बिऱ्हाडांत, सकाळी बादली घेऊन रांग. तिने समाधानाने मान हलवली. त्या दिवसापासून तिने मला परदेशी मानणं सोडलं असावं.

शनिवार-रविवारी गल्लीत कॅमेरे घेऊन लोक येत. बांबूवर वाळणाऱ्या गाद्या, दोरीला टांगलेला खारवलेला मासा, दारात सोंगट्यांचा डाव, सगळ्याचे फोटो. मीही त्यातलीच. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी आयीला म्हटलं, ‘किती सुंदर आहे तुमची गल्ली.’ ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘सुंदर आहे ना? मग तू घे. मला संडास दे.’

शहर तोवर पायाखालून सरकत होतंच. नववर्षाच्या पाचव्या दिवशी धनदेवतेच्या स्वागताला मध्यरात्री एवढे फटाके वाजायचे की उशी कानावर घेऊनही उपयोग नसे. २०१६ पासून बाह्य रिंग रोडच्या आत फटाक्यांना बंदी आली आणि त्या रात्री मी शांततेने जागी राहिले. त्याच वर्षी फुटपाथवर नारिंगी सायकली उगवल्या, फोनने कुलूप उघडणाऱ्या. भाजलेली रताळी विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या गाडीवर क्यूआर कोड चिकटला आणि माझी शंभराची नोट बघून तो वैतागायला लागला.

आणि मग २०१७ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडावर एक फलक लागला.

पूर्वी पाडायच्या घरावर वर्तुळात एकच अक्षर रंगवत, ‘छाय’, म्हणजे पाडा. त्यातून भांडणं, हटून बसलेली घरं, बरंच झालं. आता रीत बदलली होती. आधी विचारायचं, जागा सोडायला तयार आहात का. बहुतेकांनी हो म्हटलं तर मोजमाप, दर, करार. मग सह्या. ठरलेल्या मुदतीत ८५ टक्के सह्या झाल्या तर करार लागू, नाहीतर सगळं रद्द. फलकावर रोजचा टक्का लिहिला जाई. मी मनातल्या मनात त्या गल्लीचा शोक करत होते. पहिल्या दिवशी सकाळी पाहते तर आयी नवा कोट घालून, घडीची खुर्ची घेऊन रांगेत तिसरी. लवकर सही करणाऱ्याला जादा पैसे होते. दोन भाऊ मात्र आईच्या खोलीच्या वाटणीवरून जिन्यातच भिडले आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. तेही ओळखीचंच. पागडीच्या खोल्यांवरून असे अबोले गिरगावात मी किती पाहिलेत. टक्का ८५ च्या वर गेला त्या संध्याकाळी गल्लीत लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी भाडेकरू, मला दुसरीकडे जावंच लागलं. नव्या इमारतीत २०१९ च्या १ जुलैपासून कचऱ्याची शाळा सुरू झाली. ओला, सुका, पुनर्वापराचा, घातक. ओला-सुका आपल्याला नवा नाही, पण इथे ठरावीक वेळी डब्यापाशी एक आयी पहाऱ्याला उभी. शहरभर फिरणारा नियम सोपा होता. डुक्कर खाईल तो ओला, खाणार नाही तो सुका, खाऊन मरेल तो घातक, आणि विकून डुक्कर घेता येईल तो पुनर्वापराचा. मी नारळाची करवंटी ओल्यात टाकली. आयीने चिमट्याने बाहेर काढली आणि विचारलं, ‘हे डुक्कर खाईल?’ मी निमूटपणे सुक्यात टाकली.

२०२० च्या जानेवारीत नववर्षाच्या सुट्टीला एक बॅग घेऊन मुंबईला आले ती तिथेच अडकले. मार्चअखेरीस चीनने परदेशी लोकांना दारं बंद केली. पुन्हा जायला मिळालं ते थेट २०२४ च्या मार्चमध्ये, कामानिमित्त, हाँगकाँगवरून, कारण थेट विमानं अजून बंद होती.

रस्त्यावर पहिली जाणवली ती शांतता. कितीतरी गाड्यांना हिरव्या पाट्या, म्हणजे विजेच्या, पूर्ण किंवा अर्ध्या. बंडवर गेले. हा ‘बंड’ आपल्याकडूनच गेलेला शब्द, बांध या अर्थाचा, पुण्याच्या बंड गार्डनमधला. तिथलं हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल १९२९ साली ससूनांनी बांधलं. तेच, ज्यांचं नाव कुलाब्याच्या ससून डॉकला आहे. मुंबईतून अफू या बाजूला पाठवून कमावलेला पैसा. शांघायच्या मित्रमैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा माझा आवाज जरा खाली येतो.

लाओशीमनला गल्ली जागेवर होती, पण मेलेली. भोवती करडी भिंत, दारं-खिडक्या विटांनी बुजवलेल्या, छपरावर झाड. असल्या सलग जुन्या वस्त्या उठवण्याचं काम संपल्याचं शहराने २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. फटीतून मला एक स्वयंपाकघर दिसलं. आमचं नव्हे, पण छतापासून लोंबणाऱ्या वायरी तशाच, मी मोजल्या. पाच.

तिथून आठ नंबरच्या मेट्रोने एक स्टेशन, मग नऊ नंबरने पश्चिमेला सिजिंग, गल्लीतल्या आमच्या आयीच्या नव्या घरी. आयी फाटकाशी उभी होती. केस पांढरे, पायजमा तोच किंवा त्याचा वंशज. छिंगमिंग, म्हणजे त्यांचा पितरांचा दिवस, आठवड्यावर आला होता. तिने हिरवे छिंगथ्वान आणून ठेवले होते. चिकट तांदळाच्या उकडीत लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण, कळ्या न पाडलेला मोदकच. अकराव्या मजल्यावर दार उघडलं. मी बूट काढते, पिशवीतून हिंगाची डबी काढते, तोवर तिने माझं मनगट धरलं होतं.

‘आधी संडास बघ.’

पांढऱ्याशुभ्र फरशा, खिडकी, कमोडला गरम होणारी बैठक आणि बाजूला दहा-बारा बटणं. तिने प्रत्येकाचा उपयोग सांगितला. मी सगळ्याला छान म्हटलं. तिचं समाधान होईना.

‘बघून काय कळतं? जाऊन ये.’

मला गरज नव्हती. पण मी गेले, दार लावलं आणि बसले. बाहेर तिच्या सपाता दाराशी थांबल्याचा आवाज आला.

‘गरम आहे ना?’ आयीने विचारलं.