मालगाडी जाते हो, पण थांबते कुठं?

गोव्याच्या सीमेवर, घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनला कोळशाची मालगाडी दिसायच्या आधी ऐकू येते. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या तोरणगल्लूच्या स्टील कारखान्याकडं निघालेला असतो, घाटाखालच्या कुळे ते कॅसलरॉक १:३७ चा चढ, म्हणून मागनं बँकर इंजिनं लावून ढकलत आणतात, नि वर आल्यावर सगळं स्टेशन थरथरतं.

आता तिथं दूधसागरवाल्या पोरांशिवाय फारसं कोण उतरत नाही, पण एकेकाळी ही दोन देशांची सरहद्द होती बघा. खाली पोर्तुगीज, वर इंग्रज. १८७८ च्या करारातनं ही मीटरगेज लाईन आली, करारात जकात माफ होती, बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा (इंग्रज फुकट काय देतोय!). १८८८ ला रेल्वे घाट चढून आली आणि १८९२ ला करारच संपला. मग परत जकात, परत तपासणी. १९५५ ला तर सरहद्दच बंद झाली, ती गोवा मुक्त झाल्यावरच उघडली.

गंमत अशी की माल अडवायचे तेव्हा कॅसलरॉकला वस्ती होती, कस्टमवाले, हमाल, खानावळी. आता माल सुसाट जातोय तर गाव ओस. म्हणून रूळ डबल झाले की आपला भाग सुधारला असं कोण म्हणालं की मला पटत नाही. मालधक्का, म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा, कुठं आहे ते विचारा आधी.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग घ्या की. रेल्वेला आख्खा रेक भरून पाहिजे, चाळीसच्या वर वाघिणी, आणि आपल्या छोट्या फाउंड्रीवाल्याचा माल एका ट्रकात मावतो, त्यात पुण्याला दारात पोचवायचा असतो, मग तो हायवेच धरणार. साखरेचं ठीकाय, कारखाना एकटा रेक भरू शकतो. चार-पाच जणांचा माल एकत्र करून कंटेनरनं लावायची सोय जवळ, स्वस्तात असली तरच छोट्याला रेल्वे परवडंल.

घाटातल्या डबल लाईनची वन्यजीव मंजुरी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली. जंगल बघितलेल्या माणसाला त्यात नवल नाही.

आता बेळगावहून कित्तूरवरनं धारवाडला नवी लाईन व्हायचीय. अंतर वाचंल, चांगलंच आहे, पण धारवाडचा माल लोंढा जंक्शनचा वळसा न घालता जाईल, मग लोंढ्याचं काय? आणि कित्तूरला नुसता प्लॅटफॉर्म होणार का मालधक्का पण, हे आत्ताच विचारून ठेवायला पाहिजे, जमिनी देऊन झाल्यावर कोण ऐकतंय.