तुम्ही विचारलंत म्हणून: आत काय घालता?

स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहते म्हटलं की पुण्याच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "अगं, एवढ्या थंडीत आत काय घालता तुम्ही?" थर्मल, म्हटलं की खरं तर विषय संपतो. पण मला सेमिटबद्दल सांगायचं असतं.

मी इथे एका केअर होममध्ये काम करते. पहिल्याच आठवड्यात नव्वदीतले एक आजोबा अंघोळीनंतर कुडकुडत म्हणाले, "फार्स मा सिमिट, क्वाइन?" फार्स मा म्हणजे 'कुठंय माझं' आणि क्वाइन म्हणजे पोरी, एवढं तोवर कळायला लागलं होतं. पण सिमिट? मला आठवलं ते गावाकडचं सिमिट, गवंडी घमेल्यात कालवतो ते! मी बावळटासारखी उभी. शेवटी त्यांनीच कपाटाकडे बोट दाखवलं. खणात लोकरीची बंडी होती. धुऊन धुऊन पिवळी पडलेली, काखेत वेगळ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेली. सेमिट किंवा सिमिट म्हणजे अंगालगतची ही बंडी, लोकरीची नाहीतर फ्लॅनेलची.

मग नादच लागला. या ईशान्य भागात तिला लिंडरही म्हणत. बायकांचा आतला लोकरी स्पेन्सर एका आजींकडे अजून आहे. वायलीकोट मात्र मला इथल्या स्कॉट्स भाषेच्या कोशातच भेटला: पुरुषांची आतली गरम बंडी, किंवा बायकांचा फ्लॅनेलचा परकर.

स्कॉट्समध्येच सार्क म्हणजे सदरा किंवा शमीज, आणि कटी म्हणजे आखूड (कंबर नव्हे!). स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 'टॅम ओ शांटर' या 1791 च्या कवितेत नॅनी नावाची चेटकीण आखूड शमीजवर नाचते. बिचाऱ्या आजीने सगळी पुंजी, 2 स्कॉट्स पौंड, घालून ती नातीला घेतलेली. नात वाढली, शमीज तेवढीच राहिली. नाच बघून भान हरपलेला टॅम ओरडतो, "शाब्बास, कटी सार्क!" 1869 साली डंबार्टनला पाण्यात उतरलेल्या जहाजाला तेच नाव दिलं. लंडनमध्ये ग्रिनिचला लोक रांग लावून ते बघतात. आतल्या कपड्याचं नाव आहे, हे कितीजणांना माहीत असेल?

मे महिन्यात जरा ऊन पडलं तेव्हा आजोबांना म्हटलं, आता सेमिट राहू द्या. त्यांनी इथली जुनी म्हण ऐकवली, "नेअर कास्ट अ क्लूट टिल मे बी ऊट." मे सरेपर्यंत अंगावरची चिंधीसुद्धा उतरवू नये.

2 जूनला पुन्हा विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि बंडीसाठी हात पुढे केला.