तुम्ही विचारलंत म्हणून: औषध डॉक्टरांचं, सुई सिस्टरची, मग तुमचं काम काय?

लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात, कुठेही हा प्रश्न येतो. "औषध डॉक्टर देतात, सुई सिस्टर टोचतात, मग लहान मुलांच्या पॅलिएटिव्ह विभागात तुम्ही समाजसेवक नेमकं करता काय?" (पॅलिएटिव्ह म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी.) त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा आवाज खाली आणून: "आणि मूल जाणारच असेल तर एवढी माणसं लागतात कशाला?"

पूर्वी मी "आम्ही कुटुंबाला आधार देतो" म्हणून विषय मिटवायचे. ते उत्तर आता मलाच पोकळ वाटतं. आधार म्हणजे काय, किती वाजता, कोणाच्या हातून, ते सांगायला हवं.

मॉर्फिनपासून सुरू करते. बारा किलोचं मूल आहे. डॉक्टर लिहितात, अडीच मिलिग्रॅम, दर चार तासांनी. "एवढ्याशा पोराला मॉर्फिन?" हेही विचारून झालंय तुमचं. वेदनेच्या औषधांच्या तीन पायऱ्या असत; जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच मुलांसाठी त्यातली मधली, कोडीन या मॉर्फिनहून सौम्य औषधाची पायरी काढून टाकली. वेदना सौम्य असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्यापुढची असेल तर थेट मॉर्फिन, वजनावर मोजून. आता हातात गोळी आहे १० मिलिग्रॅमची. ती साधी गोळी चुरून १० मिली पाण्यात मिसळायची, नीट हलवायची आणि त्यातलं अडीच मिली सिरिंजने द्यायचं. (हळूहळू सुटणारी, लांब पल्ल्याची गोळी असेल तर ती चुरायची नाही. सगळा डोस एकदम अंगात जातो.) घरात सिरिंज सापडली नाही की चमचा येतो, आणि औषधाचा चमचा ५ मिलीचा असतो, म्हणजे डोस दुप्पट. म्हणून सिस्टर सिरिंजवर अडीचच्या रेघेला रंगीत चिकटपट्टी लावतात आणि आईकडून तीनदा भरून घेतात. आईने "समजलं" म्हटलेलं त्या धरत नाहीत, भरलेली सिरिंज बघतात.

इथपर्यंत काम डॉक्टरांचं आणि सिस्टरचं. वेळा सहा, दहा, दोन, पुन्हा सहा, दहा, दोन. यातला रात्री दोनचा डोस चुकतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आजूबाजूला सगळी पेशंटांचीच कुटुंबं निजलेली असतात, मोबाइलचा गजर वाजला की सगळ्यांची झोपमोड होते, म्हणून बाप गजर बंद करून टाकतो. किंवा गावाहून फोनवर कोणी सांगितलेलं असतं की हे शेवटचं औषध, याची सवय लागते. मूल पहाटे चारला कळवळून उठतं. सकाळी ओपीडीत आई सांगते, "औषध लागू पडत नाही." डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात असतात. नडलेला असतो फक्त दोनचा डोस. हे कळतं ते गोळ्या मोजल्यावर, आणि आजीशेजारी बसून "रात्री कोण उठतं हो?" असं विचारल्यावर. ते विचारणं माझं काम. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मूल खूप झोपेल, आणि बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून चालूच ठेवायचं, हे आधी सांगितलं नसेल तर घरचे मॉर्फिन बंद करतात. यात त्यांचा अडाणीपणा नाही, सांगणाऱ्यांपैकी कोणीतरी कमी पडलेलं असतं.

लोकांना वाटतं आमची एक वेगळी, शांत इमारत असेल. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी संस्था, १९८६ पासून आहे, ते नाव ऐकलेलं असतं. मुलांचं काम मात्र बहुतेक वॉर्डात, ओपीडीत, फोनवर आणि त्यांच्या घरी चालतं. आणि आमची सगळी मुलं अखेरच्या दिवसांतली नसतात. स्नायूंचे आजार, सेरेब्रल पाल्सी, असली वर्षानुवर्षं चालणारी दुखणी असतात. तिथे नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, सिरिंजचा दट्ट्या न दाबता दूध आपोआप उतरू द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळं आईला शिकवावं लागतं. आणि आई आजारी पडली तर करणारं दुसरं कोण, हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावं लागतं.

कागदांचं काम कंटाळवाणं, म्हणून त्याबद्दल कोणी विचारत नाही. घरी जायचं असेल तर मूल गाडीत बसू शकतंय तोवर जायला हवं. रेल्वेच्या कॅन्सर सवलतीत ते स्लीपरने जाऊ शकतं, उशीर झाला तर अँब्युलन्स, आणि तिचं भाडं भागवायला गावाकडे काहीतरी विकावं लागतं. "जायचं तर याच आठवड्यात" हे वाक्य कोणीतरी उच्चारायला लागतं. सोबत निदान लिहिलेलं, मृत्यू अपेक्षित असल्याचं सांगणारं पत्र द्यायचं, म्हणजे घरी मृत्यू झाल्यावर गावचे डॉक्टर नमुना ४अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरायला कचरत नाहीत. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत. हे मूल जिवंत असताना सांगणं क्रूर वाटतं, मान्य. नंतर सांगणं त्याहून वाईट.

आता ज्या एका दुपारमुळे तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो, ती सांगते.

मुलगा दहाएक वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर उलटलेला. वडिलांनी बजावलं होतं, पोराला काही कळता कामा नये. तीनच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी, म्हणजे आया, चादर बदलायला गेल्या, तेव्हा त्याने विचारलं, "मावशी, मी घरी जाऊन मरणार का?" डॉक्टरांना विचारलं नाही. रंगपेटी घेऊन त्याच्याशी खेळायला बसणाऱ्या मानसतज्ज्ञ ताईंनाही नाही. मुलं बहुधा असंच करतात. ज्याच्या हातात फाइल नसते त्याला विचारतात, म्हणजे उत्तर नकोसं झालं तर विषय बदलता येतो.

मावशींनी "छे रे राजा" म्हटलं नाही आणि "हो"ही म्हटलं नाही. "असं कशावरून वाटलं तुला?" एवढंच विचारलं. बाबा फोनवर काकांना "गाडी करावी लागेल" म्हणत होते, ते त्याने ऐकलं होतं. "तू विचारलंस ते सिस्टरना सांगू का?" त्याने मान हलवली. मग मावशींनी चादर पुरी घातली आणि बाहेर आल्या. खोटं बोलायचं नाही, घाईने खरंही सांगायचं नाही, त्याला काय ठाऊक आहे ते विचारायचं, कोणाला कळवणार ते त्याला सांगायचं. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवायला दोन तास लागतात. मावशी कंत्राटावर, केसपेपरवर त्यांच्यासाठी रकानाच नाही.

सिस्टरनी त्याचं वाक्य जसंच्या तसं, वेळेसकट लिहिलं. "पेशंट अस्वस्थ" असं लिहिलं असतं तर संध्याकाळी कोणीतरी झोपेचं औषध चढवलं असतं. वडील भडकले, मावशींची तक्रार करतो म्हणाले. डॉक्टरांनी तिथे एकच काम केलं: मुलाला कोणीही सांगितलेलं नाही, त्याने तुमचाच फोन ऐकला, हे स्पष्ट केलं. ताईंनी वडिलांना विचारलं, त्याला कळलं तर काय होईल अशी भीती वाटते? जेवण सोडेल, ते म्हणाले. आई माझ्याजवळ बाहेर बाकावर होती. ती म्हणाली, "त्याला केव्हाचं माहितीय. नवी चप्पल घेऊ नको म्हणालाय मला."

दोन तासांनी ठरलं की वडीलच बोलतील, तीन वाक्यं. औषधांनी आजार जात नाहीये. दुखू देणार नाही. आम्ही दोघं तुझ्यापाशीच आहोत. डॉक्टर खोलीत थांबतील, पण फक्त दुखण्याबद्दल विचारलं तर बोलतील. दोन वाक्यं वडिलांनी म्हटली आणि ते बाहेर गेले. तिसरं आईने पुरं केलं. मुलाने विचारलं, "मग हे सलाइन काढणार?"

वडिलांनी आम्हाला समजून घेतलं असं मी म्हणणार नाही. गावी गेल्यावर फोन आईच उचलायची. आमच्यातही काहींचं ठाम मत आहे की आईबापांचा शब्द अखेरचा. मी दोन्ही बाजूंनी भांडलेय आणि उद्याही भांडेन.

भावंडांचं काम ताईंकडे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मेलेला माणूस परत येईल असं वाटतं. त्याला "दादा झोपलाय" सांगितलं तर ते रात्री झोपायला घाबरतं. "देवाला आवडला म्हणून नेला" म्हटलं तर आपणही देवाला आवडू का, याची धास्ती घेतं. "दादाचं शरीर चालायचं थांबलं" असं सांगायचं. आज्यांना हे रुक्ष वाटतं, त्या मागून आपलं सांगतातच.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत कराव्या लागतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने कुटुंबातलं कोणीतरी येतं. गोळ्या मोजणं दहा मिनिटांचं, बोलणं तासाभराचं. जे येत नाहीत त्यांना फोन करायचा. तो कोणी करायचा, हे कुठल्याच पदाच्या कामात लिहिलेलं नाही. सिस्टर म्हणतात, शेवटच्या रात्री जिच्याशी बोलणं झालं तिने. ताई म्हणतात, जिला रडणं ऐकायची सवय आहे तिने. तोवर मीही करते, सिस्टरही करतात, आणि कधीकधी पलीकडून आई म्हणते, "अहो, आत्ताच तुमच्या सिस्टरचा आलेला की."